दाझाइफूचें विद्यादैवत

जपानच्या दक्षिणेस क्यूशू नांवाचें मोठें बेट आहे. त्याच्या उत्तर भागांत, फुकुओका शहरापासून थोड्याच अंतरावर, डोंगरांच्या पायथ्याशीं दाझाइफू हें लहानसें शहर वसलेलें आहे. दरवर्षीं जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास येथील देवळांत विद्यार्थ्यांची रीघ लागते. विश्वविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षांचा हाच काळ. शाळेच्या गणवेशांतील मुलें, त्यांच्या आया, क्वचित् आजीआजोबाहि देवापुढें येऊन उभे राहतात, पेटींत नाणें टाकतात, दोनदां लवून नमस्कार करतात, दोनदां टाळी वाजवितात आणि पुन्हा एकदां लवतात. नंतर लांकडाच्या लहानशा पाटीवर आपला नवस लिहून ती पाटी आवारांतील चौकटीवर टांगून ठेवतात. त्या पाट्यांवर बहुधा एखाद्या विद्यालयाचें नांव असतें आणि पुढें 'तेथें प्रवेश मिळो' एवढेंच मागणें असतें.

ज्या देवापुढें हीं मुलें हात जोडतात त्याचें नांव तेंजिन, म्हणजे स्वर्गींचा देव. परंतु हा देव एके काळीं हाडामांसाचा मनुष्य होता. त्याचें मूळ नांव सुगावारा मिचिझाने. विद्येच्या बळावर तो राज्याच्या अत्युच्च पदांपैकीं एकावर चढला, दरबारांतील वैरामुळें एका दिवसांत तेथून खालीं आला, आणि याच दाझाइफूला हद्दपारींत मरण पावला. त्याला देवपण मिळालें त्याच्या मुळाशीं प्रारंभीं भक्ति नव्हती, भीति होती. भीतीचा देव विद्येचा देव कसा झाला, ही या देवळाची खरी कथा आहे.

आगगाडीच्या स्टेशनापासून देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा दुकानें आहेत. त्यांतील पुष्कळ दुकानांतून तांदळाच्या पिठाच्या लहान चपट्या वड्या लोखंडी सांच्यांत भाजून विकतात. आंत लाल कडधान्याचें गोड पुरण असतें आणि वर उमे या फुलाचा ठसा उमटलेला असतो. उमे हा जर्दाळूच्या जवळच्या जातीचा वृक्ष. थंडी पुरती सरण्यापूर्वींच, पानें फुटण्याच्या आधीं, तो पांढऱ्या किंवा तांबूस फुलांनीं भरून जातो. हद्दपार पंडिताला एका म्हातारीनें उमेच्या डहाळीवर अशी वडी लावून खाऊं घातली, अशी या खाऊची दंतकथा आहे. पुढें गेल्यावर बसलेल्या बैलाची एक धातूची मूर्ति लागते. तिचें मस्तक असंख्य हातांनीं घासून चकचकीत झालेलें आहे. तें कुरवाळल्यास बुद्धि तल्लख होते अशी समजूत. त्यानंतर एका तळ्यावरचे तीन पूल ओलांडावे लागतात. पहिला भूतकाळाचा, दुसरा वर्तमानाचा, तिसरा भविष्याचा. पहिल्यावर मागें वळून पाहूं नये, असें सांगतात. मात्र या स्थळाचा अर्थ कळावयाचा तर मागेंच वळून पाहिलें पाहिजे.

मिचिझानेचा जन्म इ. स. ८४५ सालीं झाला. जपानची राजधानी तेव्हां हेआन, म्हणजे आजचें क्योतो, येथें होती. राज्यकारभाराचे लेख चिनी भाषेंत लिहिले जात आणि चिनी ग्रंथांचें ज्ञान हेंच विद्वत्तेचें लक्षण मानलें जाई. सुगावारा घराणें पिढीजात पंडितांचें. आजा आणि बाप दोघेहि राजविद्यालयांत चिनी वाङ्मयाचे मुख्य अध्यापक होते. मिचिझानेनें वयाच्या अकराव्या वर्षीं चांदण्यांत दिसलेल्या उमेच्या फुलांवर चिनी भाषेंत पहिली कविता रचली. फुलाशीं जडलेलें हें नातें जन्मभर टिकलें.

इ. स. ८७० सालीं तो त्या काळच्या सर्वांत कठीण सरकारी परीक्षेस बसला. दोन प्रश्नांवर निबंध लिहावयाचे होते. एक कुळांविषयीं, दुसरा भूकंपांविषयीं. परीक्षक मियाको योशिका यानें त्याला उत्तीर्ण केलें, पण उत्तरांतील दोष दाखवून श्रेणी दिली ती मध्यम वर्गांतील वरची. अत्युत्तम यशासाठीं आज ज्याला नवस केले जातात त्या देवाची स्वतःची गुणपत्रिका अशी होती. पुढें ८७७ सालीं त्याला वडिलोपार्जित अध्यापकपद मिळालें आणि तो स्वतः परीक्षक झाला. ८८१ सालीं मियोशी कियोयुकी नांवाचा एक हुशार उमेदवार त्याच्यापुढें परीक्षेस आला. मिचिझानेनें त्याला अनुत्तीर्ण ठरविलें. हें नांव लक्षांत ठेवण्याजोगें आहे, कारण वीस वर्षांनंतर तें पुन्हा या कथेंत येतें.

सुगावारांच्या घरीं एक शिकवणीची शाळा चाले. आपल्या अभ्यासिकेविषयीं मिचिझानेनें ८९३ सालीं एक लहानसा निबंध लिहिला. खोली अगदीं लहान; दाराशीं उमेचें एक झाड, थोडें पलीकडे बांबूंचें बेट. त्या खोलींतून शिकून परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची संख्या शंभराच्या जवळपास गेली होती. पण निबंधाचा बराच भाग तक्रारींचा आहे. भेटीस येणारे लोक त्याच्या लेखण्यांशीं चाळा करीत, चाकूनें मेज खरवडीत, आणि ग्रंथांतून टिपणें उतरून ठेवलेल्या चिठ्ठ्या अस्ताव्यस्त करीत. अकराशें वर्षांपूर्वींच्या विद्वानाची ही कुरकुर वाचतांना देवाची मूर्ति क्षणभर बाजूस सरते आणि कागदांच्या पसाऱ्यांत बसलेला एक माणूस दिसूं लागतो.

८८६ सालीं त्याला शिकोकू बेटावरील सानुकी प्रांताचा अधिकारी म्हणून पाठविण्यांत आलें. राजधानींत वाढलेल्या पंडिताला हें पद फारसें रुचलें नाहीं. तथापि तेथें त्यानें जें पाहिलें तें लिहून ठेवलें. थंडी सर्वांत आधीं कोणाला लागते, हा प्रश्न घेऊन त्यानें दहा कवितांची एक माला रचली. करांच्या भारानें पळून गेलेला शेतकरी, पोरकें मूल, मीठ विकणारा, लांकूडतोड्या, मासे धरणारा, अशीं माणसें त्या कवितांत आहेत. दरबारी कवितेंत अशा लोकांना सहसा जागा नसे.

त्या काळीं जपानांत खरी सत्ता फुजिवारा घराण्याच्या हातीं एकवटत चालली होती. या घराण्याची रीत ठरलेली होती. आपली मुलगी सम्राटाला द्यावयाची, तिचा मुलगा गादीवर बसवावयाचा, आणि अज्ञान नातवाच्या नांवानें आजोबांनीं राज्य चालवावयाचें. ८८७ सालीं गादीवर आलेल्या उदा सम्राटाची माता फुजिवारा कुळांतील नव्हती. त्याला या घराण्याचा पाश सैल करावयाचा होता, आणि त्या कामीं त्यानें मिचिझानेला हाताशीं धरलें. ८९४ सालीं चीनच्या तांग दरबारीं जाणाऱ्या वकिलातीचा प्रमुख म्हणून त्याची निवड झाली. परंतु चीनमध्यें माजलेली अंदाधुंदी आणि समुद्रप्रवासांतील प्राणहानि दाखवून ही वकिलात पाठविण्याचा फेरविचार व्हावा, असा अर्ज त्यानें स्वतःच केला. वकिलात गेली नाहीं. ९०७ सालीं तांग राजवटच लयास गेली.

८९७ सालीं उदानें आपला मुलगा दायगो याला गादी दिली. नवा सम्राट अवघा बारा-तेरा वर्षांचा होता. ८९९ सालीं फुजिवारा तोकिहिरा डावा मंत्री झाला आणि मिचिझाने उजवा मंत्री झाला. डावें पद अधिक मानाचें. पंडिताच्या घराण्यांतील मनुष्यानें उजव्या मंत्र्याचें पद मिळविण्याची गोष्ट शंभराहून अधिक वर्षांत घडली नव्हती. फुजिवारांना तें सलत होतेंच, पण इतर पंडितांनाहि तें सहन होईना. ९०० सालीं मिचिझानेला एक पत्र आलें. आपल्या मर्यादा ओळखून वेळींच पदत्याग करावा, असा त्यांत सल्ला होता. पत्र लिहिणारा होता मियोशी कियोयुकी. एके काळीं मिचिझानेनें परीक्षेंत नापास केलेला तोच उमेदवार.

त्याच ९०० सालच्या नवव्या महिन्याच्या दहाव्या दिवशीं राजवाड्यांतील सेइर्योदेन या महालांत कवितेची बैठक झाली. मिचिझानेच्या कवितेनें प्रसन्न होऊन तरुण सम्राटानें त्याला एक वस्त्र बक्षीस दिलें. त्यानंतर चार-पांच महिन्यांतच, ९०१ सालच्या पहिल्या महिन्याच्या पंचविसाव्या दिवशीं, त्याच्या हद्दपारीचा हुकूम निघाला. दायगोला गादीवरून काढून त्याचा भाऊ तोकियो याला बसविण्याचा कट केल्याचा आरोप होता. तोकियो हा मिचिझानेचा जांवई. निवृत्त सम्राट उदा आपल्या मुलाला अडविण्यासाठीं राजवाड्याकडे धांवला; पहारेकऱ्यांनीं त्याला आंत घेतलें नाहीं.

दाझाइफू हें तेव्हां साऱ्या क्यूशूच्या कारभाराचें आणि परदेशांशीं व्यवहार करणारें ठाणें होतें. मिचिझानेला तेथील एका मोठ्या अधिकाऱ्याचें नांवापुरतें पद देण्यांत आलें. प्रत्यक्षांत तो कैदीच होता. वाढलेले मुलगे निरनिराळ्या ठिकाणीं हद्दपार झाले. दोन लहान मुलें तेवढीं बापाबरोबर आलीं. राजधानींतील घर सोडतांना त्यानें अंगणांतील उमेच्या झाडाचा निरोप घेतला. तें झाड एका रात्रींत उडून दाझाइफूला धन्यामागोमाग आलें, असें लोक सांगतात. मुख्य देवळाच्या उजव्या बाजूस असलेला उमेवृक्ष तोच उडता उमे, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

या दोन वर्षांचा विश्वसनीय साक्षीदार खुद्द मिचिझानेच आहे. हद्दपारींतील कविता त्यानें एकत्र करून ठेवल्या आणि मृत्यूपूर्वीं राजधानींतील आपला मित्र की हासेओ याजकडे पाठविल्या. घराचा उंबरठा तो ओलांडीत नाहीं. सरकारी कचेरीच्या छपराचीं कौलें दिसतात आणि कान्झेओन्जी मंदिराची घंटा ऐकूं येते, एवढाच त्याचा बाह्य जगाशीं संबंध. ती घंटा आजहि तेथें आहे. नवव्या महिन्याचा दहावा दिवस पुन्हा आला तेव्हां सम्राटानें दिलेलें तें वस्त्र त्याच्याजवळच होतें. रोज तें हातांत घेऊन त्याचा उरलेला सुगंध आपण वंदितों, असें तो लिहितो. बरोबर आलेला लहान मुलगा तेथेंच मरण पावला. ९०३ सालच्या दुसऱ्या महिन्याच्या पंचविसाव्या दिवशीं, जपानी गणनेप्रमाणें वयाच्या एकुणसाठाव्या वर्षीं, मिचिझानेनेंहि देह ठेवला. त्याच्या लेखनांत सूडाची भाषा सांपडत नाहीं. ती भाषा पुढें इतरांनीं त्याच्या तोंडीं घातली.

प्रेत बैलगाडींतून नेत असतां बैल वाटेंत एके ठिकाणीं खालीं बसला आणि कांहीं केल्या उठेना. तेव्हां तेथेंच दफन करण्यांत आलें, अशी आख्यायिका आहे. देवळांतील बैल सदैव बसलेले दाखवितात तें यामुळें. ९०५ सालीं उमासाके यासुयुकी या त्याच्या अनुयायानें समाधीवर लहानसें पूजास्थान उभारलें आणि ९१९ सालीं मोठें देवालय झालें.

इकडे राजधानींत एकामागून एक मृत्यु घडूं लागले. ९०९ सालीं तोकिहिरा ऐन उमेदींत वारला. ९२३ सालीं युवराज यासुआकिरा गेला. तेव्हां दरबाराला धास्ती वाटली आणि त्याच वर्षीं मृत मिचिझानेला त्याचें मंत्रिपद परत देण्यांत येऊन हद्दपारीचा हुकूम जाळून टाकण्यांत आला. तरीहि ९२५ सालीं नवा युवराज, पहिल्याचा बालक पुत्र, मरण पावला. ९३० सालच्या उन्हाळ्यांत अवर्षण पडलें होतें. पावसासाठीं काय करावें याचा विचार करण्यास दरबारी मंडळी जमली असतां काळे ढग दाटून आले आणि वीज कोसळली ती सेइर्योदेन महालावर, जेथें तीस वर्षांपूर्वीं मिचिझानेला वस्त्र मिळालें होतें. फुजिवारा कियोत्सुरा हा दरबारी जागच्या जागीं ठार झाला. सम्राट दायगो आजारी पडला आणि तीन महिन्यांत मरण पावला. रोग आणि वीज यांचीं कारणें आजच्या मनुष्याला ठाऊक आहेत. परंतु अन्यायानें मेलेल्या थोर पुरुषाचा आत्मा सूड घेतो, ही तेव्हां सर्वमान्य समजूत होती. आणि दरबाराचें मन स्वच्छ नव्हतें हें तर उघडच आहे.

या भीतीला देवळाचें रूप दिलें तें प्रथम दरबारानें नव्हे. परंपरेनुसार ९४२ सालीं राजधानींतील ताजिही आयाको नांवाच्या एका गरीब स्त्रीला मिचिझानेचा दृष्टांत झाला आणि तिनें आपल्या घराजवळ लहानसें देवस्थान मांडलें. ९४७ सालीं शहराच्या वायव्येस किटानो येथें देवालय स्थापन झालें. नंतर ९५९ सालीं त्याचा विस्तार केला तो फुजिवारा मोरोसुके यानें, म्हणजे तोकिहिराच्याच पुतण्यानें. यांतहि राजकारण होतें. तोकिहिराचा वंश मागें पडला होता, त्याच्या धाकट्या भावाची शाखा सत्तेवर आली होती, आणि क्रुद्ध देव आपल्याला प्रसन्न आहे हें दाखविणें या शाखेला सोईचें होतें. पुढें ९८७ सालीं सम्राट इचिजो यानें तेंजिन ही पदवी मान्य केली आणि ९९३ सालीं मिचिझानेला मुख्य मंत्र्याचें सर्वोच्च पद मिळालें. तें मिळण्यास मृत्यूनंतर नव्वद वर्षें लागलीं.

या देवाच्या पूर्ण नांवांत भारतीय वाचकाला ओळखीचा एक धागा सांपडतो. तेन्मान दाइजिझाइ तेंजिन असें तें नांव. त्यांतील दाइजिझाइतेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर भारतांतून चीनमार्गें जपानांत गेलेला महेश्वर, आणि त्याचें वाहन पांढरा बैल. विजेच्या देवतेला हें नांव जोडतांना महेश्वराचें उग्र रूप त्या लोकांच्या डोळ्यांपुढें असावें. सरस्वतीहि जपानांत पोहोंचली आहे. तिला तेथें बेंझाइतेन म्हणतात. परंतु तिकडे ती विशेषेंकरून संगीताची, जलाची आणि संपत्तीची देवता ठरली. परीक्षेचे नवस मात्र जातात ते एका मानवी पंडिताकडे.

विजेची धास्ती ओसरली तसतसें मिचिझानेचें खरें स्वरूप पुन्हा वर येऊं लागलें. ९८६ सालींच योशिशिगे यासुताने या विद्वानानें किटानोच्या देवापुढील प्रार्थनेंत त्याला साहित्यविद्येचा जनक मानलें होतें. पुढें झेन पंथाच्या भिक्षूंत एक नवल कथा पसरली. तेंजिन आपल्या दिव्य शक्तीनें चीनला गेला आणि तेथील एका थोर आचार्याचा शिष्य झाला, अशी ती कथा. चिनी वेषांत, हातीं उमेची डहाळी धरलेला तेंजिन अनेक चित्रांत दिसतो. जिवंतपणीं चीनची सफर ज्यानें नको म्हटली त्याला लोकांनीं मेल्यावर तेथें पाठविलें, कारण विद्येच्या देवाचें शिक्षण अपुरें राहावें हें त्यांना पटेना.

परंतु त्याला घरोघरीं पोहोंचविलें तें लहान मुलांच्या शाळांनीं. एदो काळांत, म्हणजे सतराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत, गांवोगांवीं लेखन-वाचन शिकविणाऱ्या खासगी शाळा निघाल्या. व्यापाऱ्यांचीं, कारागिरांचीं, कित्येक ठिकाणीं शेतकऱ्यांचींहि मुलें तेथें येत. पुष्कळ शाळांत तेंजिनचें चित्र टांगलेलें असे आणि महिन्याच्या पंचवीस तारखेस, म्हणजे त्याच्या निधनतिथीस, मुलें त्याच्यापुढें अक्षर सुधारण्याची प्रार्थना करीत. १७४६ सालीं ओसाका येथें मिचिझानेच्या कथेवर रचलेलें कळसूत्री बाहुल्यांचें नाटक रंगभूमीवर आलें. त्यांतील गाजलेला प्रवेश अशाच एका गांवच्या शाळेंत घडतो. एकोणिसाव्या शतकांत आधुनिक शिक्षण सुरू झालें, आणि परीक्षा हीच नोकरीची व प्रतिष्ठेची वाट झाली, तेव्हां मुलांना आणि आईबापांना नवा देव शोधावा लागला नाहीं. १८८८ सालीं निघालेल्या पांच येनच्या नोटेवर तर सरकारनेंच मिचिझानेचें चित्र छापलें. एका सरकारनें ज्याला हद्दपार केलें त्याची मुद्रा दुसऱ्या सरकारच्या नाण्याला पत देऊं लागली.

आतां त्या तीन पुलांवरून पुन्हा देवळाकडे वळावें. दाझाइफूचें विद्यमान मुख्य देवालय १५९१ सालीं कोबायाकावा ताकाकागे या सरदारानें बांधलें. जाड सालपटांचें त्याचें छप्पर आणि कोरीव लांकूडकाम पाहणाऱ्याचें लक्ष वेधून घेतें. २०२३ सालीं त्याची मोठी दुरुस्ती सुरू झाली, तेव्हां समोर एक तात्पुरतें देवालय उभारण्यांत आलें आणि त्याच्या छपरावर खरीखुरीं झाडें लावण्यांत आलीं. राजधानींतून उडून आलेल्या उमेची आठवण त्या कल्पनेमागें होती. आवारांत उमेचीं सुमारें सहा हजार झाडें आहेत. फेब्रुवारींत तीं फुलतात, नेमकीं परीक्षांच्या दिवसांत.

शिंतो धर्मांत मृत्यूचा विटाळ फार मानतात. देवळाचा आणि थडग्याचा संबंध सहसा येऊं देत नाहींत. दाझाइफूचें देवालय मात्र मिचिझानेच्या समाधीवरच उभें आहे. टाळी वाजवून यश मागणारीं मुलें वस्तुतः एका हद्दपार शिक्षकाच्या थडग्यापुढें उभीं असतात. मुख्य मंत्र्याचें पद त्याला केव्हां मिळालें, हें त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असेल. वीज, युवराजांचे मृत्यु, जाळलेला हुकूम, हें सारें दरबारचें होतें आणि दरबाराबरोबर मागें पडलें. मुलांनीं जपून ठेवला तो दाराशीं उमेचें झाड असलेल्या लहान खोलींत विद्यार्थ्यांना शिकविणारा माणूस. लांकडी पाटीवर एखादी मुलगी थंडीनें आंखडलेल्या बोटांनीं सावकाश अक्षरें काढते, चूक तर झाली नाहीं ना म्हणून पुन्हा एकदां वाचते, आणि पाटी इतर शेंकडों पाट्यांमध्यें अडकवून परत फिरते. तिच्या वाटेवर उमे फुललेला असतो.